काहूनचा कोपरा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. सागाचा, आणि तोंड काळं असूनही चारचौघांत मान मिळालेला. हल्ली नागपूरला, नंदनवनातल्या आमच्या शाळेच्या अडगळीच्या खोलीत मोडक्या बाकांमागे उभा असतो. माझ्या पाठीला एक फळी काटोलच्या संत्र्यांच्या पेटीची आहे. मी तडकलो तेव्हा सुताराच्या हाताशी तीच होती. पावसाळ्यात तिला अजून संत्र्याचा वास येतो असं मला वाटतं, खरं-खोटं देव जाणे.

१९६४ साली मला सातवीच्या वर्गात टांगलं. शनिवारी मुलं कोळसा आणि पाला घासून मला काळाकुळकुळीत करायची. इतिहासाला देवाजी गजभिये सर होते. बोलणं हळू, पण खडू असा दाबून धरायचे की माझ्या अंगावर ओरखडे उठत. मुलांसाठी पुस्तकं लिहावीत हा त्यांचा ध्यास. राजा-राणीच्या गोष्टींची नव्हेत, खऱ्या इतिहासाची. प्रत्येक नवं पान ते आधी माझ्यावर लिहीत आणि मुलांकडून वाचून घेत. ज्या ओळीला मुलं जांभया देत, ती ओळ पुसली जाई.

माझा खालचा उजवा कोपरा मात्र मुलांचा होता. ज्याला प्रश्न पडेल त्यानं तो तिथे आपल्या बोलीत लिहायचा, आणि उत्तर सापडेपर्यंत कुणी पुसायचा नाही. बहुतेक प्रश्नांत 'काहून', म्हणजे 'का', असायचंच, म्हणून त्याचं नाव पडलं काहूनचा कोपरा. सरांच्या पुस्तकाचं प्रत्येक प्रकरण तिथल्याच एका प्रश्नानं सुरू होई. लोक काळ्या दगडावरची रेघ म्हणतात. माझ्यावरची रेघ एरवी तासभरही टिकत नाही, पण त्या कोपऱ्यात महिना महिना टिके.

सरांचं पहिलं पुस्तक परत आलं होतं. भाषा गावंढळ आहे, असा शेरा होता. दुसऱ्यावर त्यांनी कैक वर्षं घालवली. निवड समितीनं ते पसंत केलं तर शाळाशाळांच्या वाचनालयांत जाणार होतं. नाही केलं तर छापणार नाही, असं प्रकाशकानं स्पष्ट सांगितलं होतं. समितीच्या मधुकररावांनी सरांचा वर्ग बघायला यायचं ठरलं.

आणि नेमकी त्याच आठवड्यात माशी शिंकली. शाळेमागच्या तलावाबद्दल सरांनी माझ्यावर लिहिलं होतं, 'राजाने लोकांसाठी हा तलाव खणला.' खाली गोपिका नावाच्या मुलीनं वाकड्या अक्षरांत लिहिलं, 'राजानं तलाव खणला, तं त्याच्या हाताले फोड काहून नाही आले?'

वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. त्यांच्या वडिलांचा जन्म मातीच्या टोपल्या वाहण्यात गेला होता. तरी त्यांच्याच पुस्तकात राजा कुदळ घेऊन खणत होता. मला त्यांची फार कीव आली.

संध्याकाळी हेडमास्तर महादेवराव आले. "गजभिये, तो कोपरा पुसून टाका गा. उद्या साहेब येऊन राहिले. एका प्रश्नापायी पुस्तक काहून बुडवता?"

हेडमास्तरांच्या तोंडूनही काहूनच निघालं, पण ते त्यांच्या ध्यानात आलं नाही. सरांनी डस्टर उचललं, थोडा वेळ धरलं आणि परत ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी मधुकरराव आले. मुलं हाताची घडी घालून गप्प बसली होती. साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत वाचलं आणि कोपऱ्याशी थांबले.

"गजभिये, तुमचं पुस्तक चांगलं आहे. पण ही असली भाषा काढावी लागेल," ते शांतपणे म्हणाले. "आधी फळ्यावरचं अशुद्ध पुसा, मग बोलू."

गोपिकेनं मान खाली घातली. महादेवरावांनी सरांना डोळ्यांनी खुणावलं. सरांनी डस्टर घेतलं. मित्रांनो, पुसलं जाणं हा तर माझा रोजचा धंदा, त्याची मला कधी भीती वाटली नव्हती. त्या दिवशी वाटली. डस्टर कोपऱ्यापर्यंत आलं, थबकलं, वर गेलं, आणि सरांनी स्वतःचंच वाक्य पुसून टाकलं.

"साहेब, अशुद्ध हे होतं," ते म्हणाले. "ते पुसलं."

मग त्यांनी तिथेच लिहिलं, 'हा तलाव राजाने खणवला. खणला तो लोकांनी.' साहेबांनी ते वाचलं, छत्री उचलली आणि निघून गेले.

पुस्तक निवडलं गेलं नाही. प्रकाशकानंही बोलल्याप्रमाणे ते परत केलं. सर थांबले नाहीत, लिहीतच राहिले. पुष्कळ वर्षांनी नागपूरच्याच महाल भागातल्या एका लहान छापखान्यात ते पातळ कागदावर छापलं गेलं. पहिल्या पानावर गोपिकेची ओळ होती, काहूनसकट. मुलांनी ते इतकं वाचलं की वाचनालयातल्या प्रतीचे कोपरे झिजून गोल झाले.

पुढे शाळेत सिमेंटचे फळे आले आणि मी इथे आलो. मला परत टांगा, असं मी म्हणत नाही. माझ्या पाठीतली ती फळी आता किती दिवस धरणार आहे? एवढंच मागणं आहे की डस्टर हातात घेतलंत, की पुसण्याआधी नीट बघा, अशुद्ध नेमकं कोणतं आहे.

उत्तर सापडलं की प्रश्न पुसायचा, असा त्या कोपऱ्याचा नियम होता. गोपिकेच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं, तरी सरांनी तो कुणाला पुसू दिला नाही. कोळसा घासतानाही मुलं तेवढी ओळ सोडून घासत. बाक जरा बाजूला सारलेत, तर तिच्यातलं 'काहून' अजून वाचता येतं.