जनरलसाहेबांची टोपी, मुक्काम कुडपण

मी सोला टोपी बोलतेय, गोरे साहेब उन्हात घालायचे ती. कुडपण गावातल्या एका घराच्या ओटीवर, खांबाच्या खुंटीला टांगलेली. बोलावं की नाही, याचा मी फार विचार केला. टोपीने डोकं झाकावं, स्वतःचं चालवू नये, असं मलाही वाटतं. पण दोन वर्षांपूर्वी ओटीवर जे घडलं, त्याचं मूळ माहीत असलेली आता मी एकटीच उरले आहे. तेव्हा सांगते. कुठे चुकलं तर वयाचा दोष समजा.

नवरदेवाची बाशिंगं ज्या भेंडाची करतात, त्याच भेंडाची मी. वर खाकी कापड, आत हिरवं अस्तर. पुण्याच्या लष्कर भागातल्या दुकानातून मला मेजर विल्फ्रेड ॲशबी या इंग्रज अधिकाऱ्याने विकत घेतलं. पहिलं शौर्यपदक त्यांनी त्याआधीच, पहिल्या महायुद्धात मिळवलं होतं. जखमी शिपायाला पाठीवर घेऊन त्यांनी नदी ओलांडली म्हणे. मी पाहिलेलं नाही, म्हणून 'म्हणे'. पण ही गोष्ट ते स्वतः कधी सांगत नसत, इतरच सांगत. त्यावरून खरी असावी.

दुसरं पदक मात्र माझ्यासमोर, वायव्य सरहद्दीच्या डोंगरांत मिळालं. गोळ्यांना न भिणारा हा माणूस भाषणाला भयंकर घाबरायचा. बोलायला उभं राहण्याआधी मला हातात धरून इतका गरगर फिरवायचा, की मलाच घेरी यायची.

त्यांना आणखी एक गोष्ट सोसत नसे, ती म्हणजे तंबाखूचा धूर. जरा वास आला की खोकल्याची उबळ यायची. आणि दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या दिमतीला जो शिपाई आला, तो कुडपणचा मालोजी. त्याला विडीवाचून करमत नसे.

"मालोजी! फिर बीडी?" साहेब तंबूतून ओरडायचे.

"नाय साहेब, शेकोटीचा धूर हाय."

"शेकोटी किधर है?"

"विझली साहेब, आत्ताच!"

आफ्रिकेच्या डोंगरात लढाई चालू असताना एकदा असंच झालं. तोपर्यंत साहेब ब्रिगेडियर झाले होते. मला टेबलावर ठेवून ते नकाशा बघत होते. धुराचा वास आला. ते तसेच उठले आणि मालोजीला झापायला बाहेर गेले. तेवढ्यात तोफेचा गोळा तंबूवर पडला. टेबल गेलं, नकाशा गेला. मी उडाले ती मालोजीच्या पायाशी जाऊन पडले. माझ्या कपाळातून लोखंडाचा तुकडा आरपार गेला होता.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग मालोजीकडे. त्याच्या बोटांत अर्धी विडी तशीच होती. साहेबांनी ती काढून घेतली, चिमटीने विझवली आणि खिशात टाकली. पुरावा म्हणून जप्त केली असेल, असं मला वाटलं. मग मोठ्याने आज्ञा देत ते पुढे गेले. त्या लढाईबद्दल त्यांना मोठं पदक मिळालं. शत्रूच्या माऱ्यात ते ताठ उभे होते, असं पदक देताना वाचून दाखवलं. उभे होते, हे मी सांगते ना. पण रागावून.

पुढे ते जनरल झाले. छातीवर पदकांना जागा पुरेना. विलायतेला परत निघताना त्यांनी मला मालोजीच्या डोक्यावर ठेवलं. मी त्याच्या कानांपर्यंत उतरले. दोघे खूप हसले. मग दोघेही दुसरीकडे बघू लागले.

कुडपणला आल्यावर मालोजीने मला या खुंटीवर टांगलं. संध्याकाळी तो माझ्याखाली बसायचा, दोन विड्या पेटवायचा, एक स्वतः ओढायचा आणि दुसरी माझ्याखाली ओटीवर ठेवून म्हणायचा, "घ्या साहेब. आता कुठं पळाल?" एकटाच हसायचा. ही निव्वळ थट्टा होती. पण घरच्यांनी फक्त विडी पाहिली. तो गेल्यावर ती त्यांनी श्रद्धेने चालू ठेवली. दरवर्षी शेतीच्या राखणदाराला मान देतात, त्या दिवशी माझ्यासमोर नारळ फुटू लागला, विडी जळू लागली. मी राखणदार झाले! टोपीला नाही कसं म्हणता येणार?

दोन वर्षांपूर्वी महाडच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या देवश्रीमॅडम एका पाहुण्या बाईंना घेऊन आल्या. त्या रोझलिंड, जनरलसाहेबांची नात. मला विलायतेच्या संग्रहालयात न्यायला आल्या होत्या. घरच्या तुळजाबाई, म्हणजे मालोजीची नातसून, खांबाला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"टोपी नाय जायची. राखणदार हाय तो आमचा."

बिरवाडीला कारखान्यात असलेला त्यांचा मुलगा हर्षद म्हणाला, "आये, मी फोनवर हो बोललोय. तिकडं काचेत ठेवणार, एसीत!"

"मग तू जाऊन बस एसीत. शेतात डुकरं शिरली तर त्या काचेला हाका मारू?"

एसी ऐकून माझंही मन डळमळलं, खोटं कशाला बोलू? इथे पावसाळ्यात मला बुरशी येते.

"राखणदारालाच इचारते," म्हणत तुळजाबाईंनी विडी पेटवून माझ्याखाली ठेवली. पाहुण्या बाई चकित झाल्या. देवश्रीमॅडमनी त्यांचं बोलणं चाचरत मराठीत सांगितलं, "आजी, त्या म्हणतात, त्यांच्या आजोबांना धूर अजिबात चालत नसे."

तुळजाबाईंनी वाकून जळत्या विडीकडे पाहिलं. "मग इतकी वर्सं इडी ओढली कोणी गो?"

रोझलिंडबाईंना काहीतरी आठवलं. माझ्याशेजारी मांडून फोटो घ्यायला त्यांनी पदकांची पेटी आणली होती. ती उघडली. मखमलीवर पदकांची रांग, आणि मधोमध, सगळ्यात मोठ्या पदकाच्या शेजारी, करपलेलं, सुकलेलं काहीतरी. हे काय आहे, ते त्यांच्या घरात कोणालाच कळलं नव्हतं. औषधी मुळी असावी, असं धरून चालले होते. विचारलं की आजोबा नुसते हसायचे.

"ओ मॅडम," हर्षद ओरडला, "ही तर विडी हाय!"

तुळजाबाईंनी ती हळूच हातात घेतली. पानाला बांधलेला दोरा अजून शाबूत होता. "अर्धीच ओढलेय," त्या म्हणाल्या. "हे आमच्या आज्याचं. त्यांनी जपून ठेवलं?"

देवश्रीमॅडमनी ते इंग्रजीत सांगताच रोझलिंडबाईंनी होकारार्थी मान हलवली. मग त्या काहीतरी म्हणाल्या आणि देवश्रीमॅडमनी ते मराठीत सांगितलं. "त्या म्हणतात, ही विडी त्यांच्या पेटीतच राहू दे. टोपी इथेच शोभते."

तर मी इथेच आहे. राखणदाराचा मान आता मालोजीला मिळतो आणि साहेबांना कोरा चहा. मालोजीसाठी पेटवलेली विडी तुळजाबाई खांबाच्या पलीकडे, आडोशाला ठेवतात, साहेबांना धूर लागू नये म्हणून. कधी कुडपणला आलात तर या. विडी आणलीत तरी चालेल, पण पावसाळा जवळ आला असेल तर मला माजघरात घ्यायची त्यांना आठवण करून द्या.

कधीकधी वारा फिरतो आणि धूर माझ्या कपाळाच्या भोकातून आत शिरतो. तेव्हा मला वाटतं, कदाचित भासही असेल, पण कोणीतरी ओरडतं, "मालोजी! फिर बीडी?"

आणि खांबामागून कोणी हळूच म्हणतं, "नाय साहेब, शेकोटीचा धूर हाय."