उभी गाडी

सासूबाईंनी आरशात पाहिलं, क्लच पूर्ण दाबला, गिअर तिसऱ्यात टाकला आणि वळण्याआधी तोंडाने "टिक टिक, टिक टिक" असा आवाज काढला. बॅटरी कधीच मेली होती, त्यामुळे इंडिकेटरचं कामही त्यांनाच करावं लागे. गाडी इमारतीच्या मागच्या भिंतीला नाक लावून उभी होती, ती तशीच उभी राहिली.

"वळताना तिसरा?" शेजारी बसलेल्या सुनेने विचारलं.

"रस्ता मोकळा आहे की."

"पलीकडचं दिसतंय कुठे अजून? आधी दुसऱ्यावर या. समोरून ट्रक आला म्हणजे?"

सासूबाईंनी भिंतीकडे नीट निरखून पाहिलं आणि मुकाट्याने दुसरा गिअर टाकला.

सून ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. दिवसभर शिकाऊ लोकांचे धक्के खाऊन ती घरी यायची, चहा घ्यायची आणि पुन्हा एका गाडीत शेजारच्या सीटवर येऊन बसायची. नवरा फिरतीच्या नोकरीवर, घरात या दोघीच. गाडी येण्याआधी त्यांचं बोलणं दूध आलं का, गॅस बंद केला का, एवढ्यावर भागत असे. गाडीत मात्र दोघींनाही समोर बघायचं असल्यामुळे एकमेकींकडे बघावं लागत नसे, आणि मग काय काय निघे. सासूबाईंना एकदा पळून जावंसं वाटलं होतं, हे सुनेला याच सीटवर कळलं. सुनेला मूल नको आहे, हे सासूबाईंनीही इथेच ऐकून घेतलं, आणि "बरं, पुढे सिग्नल आहे" एवढंच म्हणाल्या.

सासूबाईंनी जन्मभर टेलिफोन कचेरीत बसून लोकांची बोलणी जोडून दिली होती. निवृत्तीचे पैसे आले, नवरा गेला, आणि त्यांनी जाहीर केलं, "आयुष्यभर मागे बसले. आता एकदा पुढे बसणार." जमवलेलं होतं नव्हतं ते घालून त्यांनी ही जुनी गाडी घेतली. विकणारा इतका गोड हसायचा, की सासूबाईंनी त्याचं नावच 'हसरा' ठेवलं. डॉक्टरची गाडी आहे, घर ते दवाखाना एवढीच फिरलेली, असं तो म्हणाला होता. गाडी दुसऱ्याच आठवड्यात, सून चालवत असताना, भर चौकात बंद पडली. मेकॅनिकने दाराचं अस्तर उचकटलं तर आत वाळलेला गाळ. पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी धुऊन, पुसून, अत्तर मारून त्यांच्या गळ्यात मारली होती.

"इंजिन खोलून साफ करतो," मेकॅनिक म्हणाला होता. "महिन्याभरात पळायला लागेल."

सासूबाई तयार होत्या. सून नव्हती. "अशानेच या लोकांचं फावतं," ती म्हणाली. "सोडायचं नाही त्याला." मग ग्राहक न्यायालय, मग वकील. वकिलांनी पहिल्याच दिवशी बजावलं, की गाडी आहे तशी ठेवा, एक नटसुद्धा हलवू नका, गाडी हाच आपला पुरावा. तेव्हापासून पुरावा भिंतीला नाक लावून उभा होता. तारखा पडत गेल्या. तपासनीस एकदा येऊन फोटो काढून गेला. उंदरांनी वायरी खाल्ल्या. सासूबाई दर सहा महिन्यांनी शिकाऊ परवाना नवा करून आणत राहिल्या.

त्या संध्याकाळी दुसऱ्या गिअरवर वळण पुरं होतंय तोच सुनेचा फोन वाजला. वकिलांनी दोघींना बोलावलं होतं.

वकिलांच्या खोलीत फायलींच्या ढिगामुळे एकच खुर्ची रिकामी होती. तिच्यावर सासूबाई बसल्या.

"निकाल आपल्या बाजूने लागला असता," वकील म्हणाले.

"असता म्हणजे?" सुनेने विचारलं.

"विकणाऱ्यांची कंपनीच राहिली नाही. त्यांनी ती बंद केली. अगदी रीतसर. आता आदेश मिळवला तरी वसूल करायचा कोणाकडून?"

"तो हसरा आहे ना. मालक."

"तो संचालक होता. गाडी विकली कंपनीने. कायद्याने दोघं वेगळे."

सासूबाईंनी हे नीट समजून घेतलं. "आमचे हे गेले तेव्हा त्यांची पाणीपट्टीसुद्धा माझ्या नावावर आली," त्या म्हणाल्या. "कंपनी गेली तर तिचे वारस कोण?"

"कंपनीला वारस नसतात, आजी."

"मग सुटलीच की बाई ती."

वकील हसले नाहीत. माणूस सरळ होता. हसऱ्यावर वेगळा दावा लावता येईल, ते म्हणाले, पण त्याला पुराचं ठाऊक होतं हे सिद्ध करावं लागेल, पुन्हा पहिल्यापासून सगळं, आणि त्याच्या नावावर काहीच सापडणार नाही. "मी खोटी आशा दाखवणार नाही. आणि हो, गाडी आता अडकलेली नाही. तिचं काय हवं ते करा."

सुनेने फायलीचं रबर काढलं, पुन्हा लावलं. दोन वर्षं एक नट हलवू दिला नव्हता तिने.

परतताना ती बसमधून मध्येच उतरली. सासूबाईही मागोमाग उतरल्या. हसऱ्याच्या जुन्या शोरूममध्ये आता गाद्यांचं दुकान होतं, पण रस्त्याच्या पलीकडे नव्या पाटीखाली तशाच चकचकीत गाड्या उभ्या होत्या आणि त्यांच्यामधून हसरा फिरत होता. त्याने दोघींना लगेच ओळखलं. स्वतः खुर्ची आणली, पाणी मागवलं.

"तुमची कंपनी बंद झाली म्हणे," सून म्हणाली.

"काय सांगू ताई, धुऊन निघालो. आता इथे नोकरी करतो."

"कोणाकडे?"

"बायकोकडे."

सून त्याच्यावर ओरडली. काय काय बोलली ते तिला नंतर आठवेना. गिऱ्हाइकं वळून पाहायला लागली. हसरा मान खाली घालून ऐकत राहिला, आणि ती दम घ्यायला थांबली तेव्हा हळूच म्हणाला, "तुमचं बरोबर आहे ताई. माझ्या हातात असतं तर केलं नसतं का?" सासूबाईंनी पाण्याचा पेला न पिताच खाली ठेवला आणि सुनेच्या दंडाला धरून तिला बाहेर आणलं.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने बॉनेट उघडलं आणि लगेच बंद केलं. "तेव्हाच दिली असतीत तर..." म्हणून त्याने हात पुसले. सासूबाई त्यावर काही म्हणाल्या नाहीत. घरी आल्यावरही नाही, जेवतानाही नाही. एकदा तोंडावर म्हणाल्या असत्या तर सुनेला बरं वाटलं असतं.

रविवारी भंगारवाला जीप आणि दोरखंड घेऊन आला. त्याने चाकांत हवा भरली, गंजून धरलेली चाकं हातोडीने ठोकून सोडवली, सुनेला हाताशी घेऊन गाडी मागे रेटत तिचं तोंड रस्त्याकडे वळवलं, पुढे दोर बांधला आणि हात झटकत म्हणाला, "मागे स्टिअरिंगवर कोणीतरी बसायला लागेल. माझा माणूस आज आला नाही."

"मी बसते," सून म्हणाली आणि वळून बघते तो सासूबाई आत बसल्या होत्या. सीट पुढे घेतली होती, पट्टा लावला होता, आरसा जुळवत होत्या.

"इंजिन बंद आहे, आई. ब्रेक दगडासारखा लागेल. स्टिअरिंग जड होईल."

"परवाना आहे माझ्याकडे. शेजारी तू बस. नियमात बसतं सगळं."

भंगारवाल्याने सुनेकडे पाहिलं. सून शेजारी बसली.

दोर ताणला गेला, एक हिसका बसला आणि गाडी हलली. भिंत मागे राहिली. सासूबाईंच्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं. मग त्यांनी ओठ घट्ट मिटले. सुनेचा पाय सवयीने ब्रेक शोधत होता, पण हा काही स्कूलच्या गाडीसारखा दोन ब्रेकांचा मामला नव्हता. तिने हात मांडीखाली दाबून धरले. शाळेजवळ जीप हळू झाली तर सासूबाईंनी तिच्या आधी ओळखलं आणि सगळं वजन पायावर टाकून दोर ढिला पडू न देता गाडी आवरली. वळणावर त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून दाखवला. मागून येणारा स्कूटरवाला तो हात बघून खरोखर थांबला. तेव्हा मात्र त्यांनी सुनेकडे पाहिलं, क्षणभरच.

"समोर बघा," सून म्हणाली.

आवारात शिरल्यावर भंगारवाल्याने दोर सोडला. गाडी दोन मोडक्या गाड्यांच्या मधल्या फटीत मागे ढकलून लावायची होती. रिव्हर्स सासूबाईंनी कधी केलाच नव्हता. भिंतीशी उभ्या गाडीत तो शिकवायचा तरी कसा? सून उतरली आणि बॉनेटवर दोन्ही हात टेकून, भंगारवाल्याबरोबर रेटू लागली. काचेपलीकडे सासूबाई मान पूर्ण वळवून मागे बघत होत्या.

"थोडं डावीकडे," सून ओरडली. "आता सरळ. सरळ, आई. येऊ द्या. अजून."

एकेक शब्दासरशी ती स्वतःच गाडी आत लोटत होती. गाडी दोन्हीकडे सारखी जागा सोडून बरोबर बसली. सासूबाईंनी हँडब्रेक ओढला.

"आजी, हात चांगला आहे की!" भंगारवाला म्हणाला. "कधीपासून चालवताय?"

"दोन वर्षं झाली," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी चावी त्याच्या हातात दिली. दोघी फाटकाबाहेर आल्या. बसथांबा समोरच्या बाजूला होता. रस्ता ओलांडायला दोघी कडेला उभ्या राहिल्या.

"उद्यापासून संध्याकाळी काय करायचं गं आपण?" सासूबाईंनी विचारलं.

सुनेने उगाच त्यांची पर्स आपल्या खांद्यावर घेतली. सासूबाईंनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, तिचा हात धरला आणि तिला रस्ता ओलांडून नेलं.