सोलापूरहून ठाण्याला, आठ तासांत

मी कबूतर बोलतोय. ठाण्याच्या खाडीकाठी सेलेस्टीनच्या अंगणात एक ढाबळ आहे, तिथला राखी पंखांचा नर.

सेलेस्टीनची बायको लवकर गेली. एकुलता मुलगा फिलिप सोलापूरच्या गिरणीत कामाला लागला. सुट्टी संपवून परत जाताना तो मला वेताच्या टोपलीत घालून नेई; एरवी सोलापूरला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती सेलेस्टीन मला धाडी. आगगाडीला सोळा-सतरा तास लागत. मग एखाद्या दिवशी उजाडताच तो मला आभाळात सोडी. बापलेकांना लिहिता येत नव्हतं, म्हणून माझ्या पायाला दोरा बांधायचा. लाल म्हणजे सगळं सुखरूप, पांढरा म्हणजे निघून ये.

सेलेस्टीन पायरीवर वाट बघत बसे. मी उतरलो की ओरडे, "आठ तास! गाडीला हरवलंस रे पोरा!" मग ज्वारी टाकी आणि शेवटी दोरा सोडी. तो त्यानेच सोडायचा, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

शेजारच्या गंगुबाई हसत. "सेलेस्टीनभाऊ, लेकापेक्षा पाखराचं कौतुक जास्ती!"

"गंगुबाय, लेक वर्षातून एकदा येतो. पाखरू तरी चारदा येतं!"

लोकांना वाटतं, मी दोन्हीकडे उडतो. नाही हो. मला फक्त घराची वाट येते.

गेल्या वर्षी सून एमा बाळंत व्हायची होती. "बाळ झालं की लगेच सोडतो," म्हणून फिलिप मला घेऊन गेला. सांगितलेले दिवस उलटले, बाळ येईना. अखेर एका पहाटे मुलगी झाली. फिलिपने लाल दोरा बांधला आणि मला सोडलं.

घाटावर ससाणा मागे लागला. दोन पिसं गेली, पण थांबलो नाही. खाली एक आगगाडी धूर सोडत उलट्या दिशेने चढत होती. मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

ऊन कलताना उतरलो. पायरी रिकामी होती.

गंगुबाई धावत आल्या. "आत्ता आलास होय रे! सकाळच्याच गाडीनं गेला तो. म्हणाला, पाखरू येत नाय, काहीतरी वाईट झालंय." त्यांनी माझ्या पायाकडे हात नेला आणि मागे घेतला. "नको बाबा. त्याचं तोच सोडेल."

तो परत आलाच नाही. नातीला सोडून पाय निघत नाही, असा निरोप आला. "पाखरू पोचलं का?" असंही विचारलं होतं. गंगुबाई म्हणाल्या, "कळवते कुणाकडून तरी." अजून राहिलंच आहे. बाकीची कबुतरं त्यांनी देऊन टाकली. पायात दोरा, म्हणून मी राहिलो.

सोलापूरची गाडी शिटी देते तेव्हा मी कौलांवर जाऊन बसतो. तुमच्यापैकी कुणी त्या गाडीने जाणार असाल, तर सेलेस्टीनला एवढं सांगा. मी पोचलो, आठ तासांतच पोचलो. आणि हेही सांगा, की उन्हापावसाने तो लाल दोरा विटत विटत आता पांढरा झालाय.

पांढऱ्याचा अर्थ त्याला ठाऊक आहे.