थांबायला शिकलेला लगाम

खळ्ळ! खिळ्यावर टांगताना माझी कडी भिंतीला लागली, आणि चुलीजवळ बसलेली सुझाना दचकली.

मित्रांनो, मी एक जुना लगाम आहे. त्या सकाळी मला टांगणारा जोसायस, म्हणजे तिचा नवरा, लढाईतून जिवंत परतला होता. तरी तिची नजर दारावरच होती. तिचा भाऊ जर्व्हेज अजून यायचा होता.

लोहाराने माझी कडी घडवली, जिनगराने चामडं शिवलं. जोसायस शेतकरी, दर शनिवारी मला तेल लावायचा. मग राजा आणि पार्लमेंट एकमेकांवर उठले. जोसायस पार्लमेंटच्या घोडदळात गेला. गावच्या माळावर त्यांचा एकच सराव चाले. गुडघ्याला गुडघा लावून दौडायचं, आणि हाक आली की जागच्या जागी थांबायचं.

राजाच्या बाजूने लढायला निघालेला जर्व्हेज निरोप घ्यायला आला आणि कुंपणावर बसून खदखदून हसला.

“दाजी, लढाईला निघालात की नांगरणीला?”

“पळायला काय, घोडा आपला आपणच पळतो. हाक आली तर थांबशील का तू?”

“जिंकताना कोण थांबतं हो!”

“पुरे झालं,” सुझाना म्हणाली. “दोघंही घरी या, मग हवं तेवढं भांडा.”

लढाईत राजाच्या स्वारांनी आमची एक बाजू उधळली आणि ते पार मागे आमच्या सामानाच्या गाड्यांपर्यंत लुटायला गेले. आमच्या बाजूला शत्रू पळत होता. जोसायसचे हात शिवशिवत होते. तेवढ्यात हाक आली. त्याने मला खेचलं. घोडीच्या तोंडातल्या माझ्या कडीला रक्त लागलं, पण ती थांबली. सगळी रांग थांबली, वळली, आणि एकट्या पडलेल्या राजाच्या पायदळावर तुटून पडली. त्यांचे स्वार दमलेल्या घोड्यांवर परतले, तेव्हा वाचवायला कुणी उरलंच नव्हतं. चांदीच्या फुलांचे देखणे लगाम राजाच्या स्वारांकडेच होते, मित्रांनो. जिंकलो आम्ही.

आता मी धूळ खातो. चामडं तडकलंय. कधी हाती लागलो तर थोडं तेल लावा. कोरडा लगाम ऐन वेळी तुटतो. पण ती सकाळ अजून माझ्या कडीत अडकली आहे.

“जर्व्हेज?” सुझानाने अखेर विचारलं.

जोसायसने मान खाली घातली. “फार लांब गेला होता गं. गाड्यांपाशी एकटाच सापडला आमच्या शिपायांना. मारला गेला.”

त्यांच्या छोट्या लेकीने, प्रूडन्सने, माझ्या कडीवरचं वाळलेलं रक्त बोटाने खरवडलं.

“आई, मामाच्या घोड्याला लगाम नव्हता का गं?”