सकाळची त्याची, रात्रीची तिची

"काका, खरं सांगा, गोळ्या चुकवता ना?" सिस्टरने पुन्हा विचारलं.

"देवाशपथ नाही, ताई. डबी वेळेवर संपते की."

डबी वेळेवर संपायची, हे खरंच होतं. तरी शिंप्याच्या रक्तात एचआयव्हीचे विषाणू बेसुमार वाढले होते. याच सिस्टरने सुरुवातीला त्याला त्याच्या भाषेत समजावलं होतं. विषाणू अंगात आपली साखळी ओवत जातो, पॅन्टच्या चेनसारखी. गोळी त्यात एक खोटा दात बसवते आणि चेन तिथेच अडते. तेव्हा शिंप्याला हसू आलं होतं. अडलेल्या चेनींवर तर त्याचं पोट चालत होतं.

"दोन्ही वेळची गोळी तुम्हीच घेता ना?"

शिंप्याची मान खाली गेली. "सकाळची मी. रात्रीची बायकोला देतो. तिलाही हेच आहे."

सिस्टरने कपाळावर हात मारला. "अहो, अर्ध्या औषधाने विषाणू मरत नाही, उलट शहाणा होतो! आता ही गोळी तुम्हा दोघांनाही चालायची नाही. त्यांना इथे का नाही आणलंत?"

"लोक काय म्हणतील, म्हणून ती येईना."

घरी बायकोने अंथरूण धरलं होतं. त्याने सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे दवाखान्यातून जादा गोळ्या मिळतात म्हणालात, ते खोटं?"

"अगं, खरं सांगितलं असतं तर तू घेतल्या नसत्यास."

"नसत्याच घेतल्या! लाज गुंडाळून ठेवून दवाखान्यात आले असते. तुमच्या तोंडचा घास काढून मी जगायचं? मला विचारायचं तरी."

आजवर जे मिळालं ते दोघांनी निम्मं-निम्मं खाल्लं होतं. हेही तसंच, असं शिंप्याच्या वेड्या जिवाला वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या खांद्याचा आधार घेत दवाखान्यात आली. दोघांना नव्या गोळ्या मिळाल्या, आपापल्या डबीत. त्याला त्या लागू पडल्या. तिच्या अंगात मात्र काही उरलंच नव्हतं. महिनाभरात ती गेली.

दुकान पुन्हा उघडलं त्या दिवशी शेजारीण दारात आली. "भाऊ, वहिनींना नेमकं झालं तरी काय होतं?"

हा प्रश्न कुणी विचारू नये, एवढ्याचसाठी तर सगळी लपवाछपवी केली होती. शिंप्याने मशीन थांबवलं.

"एचआयव्ही. मलाही आहे."

शेजारीण क्षणभर घुटमळली. मग आत येऊन स्टुलावर बसली.

"सकाळपासून काही खाल्लंत का?" तिने विचारलं.

आणि बायको गेल्यापासून पहिल्यांदाच शिंप्याला रडू फुटलं.