विमानाला लिंबू-मिरची

मुबारक आणि बन्सी ही जोडी मूळची ट्रक रंगवणारी. वैजापूरचा कांदा वाहणाऱ्या निम्म्या गाड्या यांच्याच हातच्या. संभाजीनगरला म्युझियमच्या बागेत उन्हापावसात उभं असलेलं जुनं लढाऊ विमान रंगवायचं काम आलं, तेव्हा बन्सी म्हणाला, "पंख फुटल्याला ट्रकच हाय की ह्यो!" दोघांनी गंज खरवडला, अस्तर मारलं, वर राखाडी रंग चढवला. काम संपत आलं होतं.

त्या दुपारी चहा घेऊन येणाऱ्या मुबारकला काकासाहेबांनी फाटकापाशी थांबवलं. काकासाहेब फौजेतून निवृत्त झालेले. विमानाची देखरेख त्यांच्याकडं होती.

"वैमानिकाच्या खुर्चीला हात लावू नका बरं का. तिच्याखाली स्फोटाची दारू असती. डोक्यावरचं पिवळं-काळं कडं ओढलं, की खुर्ची माणसासकट आभाळात. दारू काढलीय म्हणतात, पण म्या काय डोळ्यांनी बघितलं नाय."

असलं सांगायचं ते कामाच्या पहिल्या दिवशी सांगावं, शेवटच्या नव्हे!

मुबारक लगबगीनं विमानाकडं आला आणि जागीच थबकला. काचेचं झाकण उघडं होतं आणि आत खुर्चीत बन्सी बसला होता.

गाडी रंगवून झाली की लिंबू-मिरची बांधायची, हा यांचा रिवाज. विमानाच्या नाकाचा रंग ओला, म्हणून हा शहाणा आत उतरलेला. तिथं त्याला बांधायला डोक्यावरचं ते पिवळं-काळं कडं आयतं सापडलं होतं. दोरा ओवून झाला होता, आता गाठ मारणं चाललं होतं. आणि गाठ मारली की तिला एक जोरदार हिसका देऊन बघायची बन्सीची खोड होती. आजवर हिसका दिल्याशिवाय त्यानं एकही गाठ जाऊ दिली नव्हती.

ओरडावं, तर दचकून हा कडं धरूनच उठणार. बन्सीच्या बायकोला, आशाबाईला, काय तोंड दाखवायचं, एवढंच डोक्यात घुमत होतं. बन्सीनं गाठ आवळली. त्याची बोटं कड्याभोवती गेली.

"बन्सी," मुबारक होता नव्हता तेवढा धीर गोळा करून म्हणाला, "गाडीला हात न जोडताच व्हय रं?"

"अर्र, इसरलोच की मुबारकभाई!" बन्सीनं कडं सोडलं आणि डोळे मिटून हात जोडले.

"तस्साच ऱ्हा. म्या येस्तोवर हात सोडू नको. तुला माझी कसम."

मुबारक शिडी चढला. पायऱ्यांवर सांडलेल्या ओल्या रंगावरून पाय सटकत होता. त्यानं बन्सीच्या दोन्ही काखांत हात घातले आणि त्याला वर ओढलं.

"आरं, गुदगुल्या व्हत्यात!" बन्सी खिदळला.

खाली उतरल्यावर मुबारकनं बन्सीच्या थोबाडीत एक ठेवून दिली आणि मग त्याला घट्ट मिठी मारली. काय झालं ते बघायला काकासाहेब धावत आले. मुबारकनं त्यांना अडखळत सगळं सांगितलं.

"भंगार हाय ते," बन्सी गाल चोळत म्हणाला, "त्याच्यात आता कशाची आलीय दारू!"

काकासाहेब बॅटरी घेऊन शिडीवर चढले. वाकून बराच वेळ बघत राहिले. उतरले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बागेतली माणसं फाटकाबाहेर काढा," ते आवाज न चढवता म्हणाले. "दारू तशीच हाय."

बन्सीचं हसू मावळलं. मुबारकचे पाय जागचे हलेनात. मग बन्सीनंच त्याला खांद्याला धरलं आणि फाटकाकडं चालवत नेलं.