पुसून गेलेले पाणी

मित्रांनो, मी एक जुने चित्र आहे. हॉलंडमधल्या एका लहानशा गावाच्या नगरभवनात, सभेच्या दालनात मी टांगलेले आहे. मला पाहून लोक हसतात, आणि आता मला त्याचा मनस्वी वीट आला आहे.

माझ्यात सैनिक आहेत, पण लढाई नाही. फार पूर्वी शत्रू चालून आला तेव्हा या गावाने बांधाची दारे उघडून आपलीच शेते बुडवली होती. पाणी इतकेच, की घोडे आणि तोफा रुताव्यात, पण होडी तरंगू नये. चित्रकाराने तोच क्षण निवडला. सैनिक गुडघाभर पाण्यात, विजारी वर खोचलेल्या, बंदुका डोक्यावर धरलेल्या. कोपऱ्यात एक शेतकरी टोपी हातात घेऊन रडतो आहे, कारण बुडते ते त्याचे कुरण आहे. त्याच्यासाठी चित्रकाराने गावातल्या त्यूनिसला समोर उभे केले. ती शेते त्याच्याच पूर्वजांची होती.

पाणी सगळ्यात शेवटी आले. खालचे गवत आणि पाय दिसावेत म्हणून चित्रकाराने रंग तेलात अगदी पातळ केला होता. लोक जवळ येत आणि म्हणत, "जपून हो, पाय भिजतील." तेवढे कौतुक मला पुरेसे होते.

पण या गावाला स्वच्छतेचे वेड! वसंत आला की गाद्यांपासून डब्यांपर्यंत सारे घर बाहेर येते, दारापुढचा रस्तासुद्धा घासून निघतो. नगरभवनाची झाडलोट ग्रीतकडे होती. बाई कामाला वाघ. सभासदांच्या चिरुटांनी मी काळवंडले होते, ते तिला बघवेना. दर वसंतात ती मळ काढायला कापलेला बटाटा आणि साबणाचे पाणी घेऊन शिडीवर चढे. आभाळापर्यंत तिचा हात पोचत नसे, म्हणून सगळा जोर खालच्या पाण्यावर.

"बघा, कसं लख्ख झालं," ती म्हणे. लख्ख झाले खरे. हळूहळू माझे सारे पाणी तिच्या फडक्यात गेले.

आता सैनिक कोरड्या गवतावर विजारी खोचून उभे आहेत. एकदा दालनात लग्न होते. नवरी त्यूनिसची पणती. नवऱ्याचा मामा माझ्यापुढे थांबला.

"हे काय, नाचतायत की काय? आणि तो कोपऱ्यातला बघा, चांगलीच चढलीय त्याला."

नवरीची आजी लाइस्बेत, म्हणजे त्यूनिसची लेक, मागेच उभी होती. बापाचा चेहरा पाहायला तिला माझ्याखेरीज दुसरी जागा नव्हती.

"ते माझे वडील आहेत," ती म्हणाली. "प्यायलेले नाहीत. तिथं पाणी होतं."

"कुठंय पाणी, आजी?" मामाने विचारले.

बिचारी काय दाखवणार? मला तर ओरडावेसे वाटत होते, पण चित्राला तोंड कुठले!

लाइस्बेत नगराध्यक्षांकडे गेली. "पाणी परत घाला," म्हणाली. जाणकार आले. घासून गेलेले परत येत नाही, आणि नवे घातले तर ते परक्या हाताचे होईल, असे सांगून गेले. मग सभांमागून सभा झाल्या. प्रत्येक वेळी कॉफी, प्रत्येकी एकच बिस्कीट आणि लगेच डब्याचे झाकण बंद, इथली काटकसरीची रीतच तशी. शेवटी माझ्याखाली पितळी पाटी लागली: 'येथे पाणी होते. या शेतकऱ्याने गावासाठी आपले शेत बुडवले.'

लोक थांबून ती वाचत. कुणी टोपी काढे. माझा जीव भांड्यात पडला.

पण मधल्या काळात ग्रीतचे वय झाले होते, शिडी सुटली होती. पाटी मात्र नेमकी तिच्या हाताच्या उंचीवर! दर शुक्रवारी पितळ घासल्याशिवाय तिला चैन पडेना.

परवा लाइस्बेत कशीबशी जिने चढून आली. तिने पाटीवर बोट फिरवले. अक्षरे लागेनात. पाटीत तिला फक्त स्वतःचा चेहरा दिसला.

"आरशासारखी झालीय ना, लाइस्बेतबाई?" मागून ग्रीत कौतुकाने म्हणाली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. पण फडके ओले करण्याआधी कुणाला तरी विचारा, आपण काय पुसतो आहोत. त्यूनिस अजून तिथेच उभा आहे, टोपी हातात घेऊन. तो का रडतो, हे सांगणारी आता एकटी लाइस्बेत उरली आहे, आणि तिलाही जिने चढवत नाहीत.